स्टॅट मेक समजतं कसं? (की नुसतं सुटतं?)

विरार_फास्ट · रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसती वाचक आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

एमएस्सी फिजिक्सचं पहिलं वर्ष चालू आहे. विषय सांख्यिकीय यामिकी (असंख्य कणांची सरासरी वागणूक काढायचं शास्त्र), आमच्या भाषेत स्टॅट मेक. क्वांटम मला आवडतं. इलेक्ट्रोडायनॅमिक्सशी भांडण आहे, पण बोलणं चालू आहे. स्टॅट मेकचं मात्र विचित्र झालंय. गणितं सुटतात. पार्टिशन फंक्शन, म्हणजे झेड, लिहायचं, लॉग घ्यायचा, बीटानं डेरिव्हेटिव्ह काढायचा, उणे चिन्ह विसरायचं नाही, की सरासरी ऊर्जा हातात. मार्कही बरे पडले.

परवा लेडीज डब्यात शेजारी बारावीतली एक मुलगी बसली होती. माझ्या वहीत डोकावून तिनं विचारलं, "ताई, हे झेड झेड काय आहे सगळीकडे? नक्की काय मोजतं ते?" बोरिवली गेलं, भाईंदर गेलं, नालासोपारा आलं. मला एक धड वाक्य सुचलं नाही. शेवटी "ते सेकंड इयरला असतं" असं म्हणून सुटका करून घेतली. तेव्हापासून खजील आहे.

तर प्रश्न असा की ज्यांना हा विषय *समजला*, त्यांना तो कुठून समजला? पुस्तकांची यादी कृपया नको. सगळी पीडीएफ फोनमध्ये आहेत, तीच तर अडचण आहे. सुरुवात कुठे करायची, ते सांगा.

---

चौथी_सीट · रविवार, रात्री ११.५२

पहिला!

झेड म्हणजे झोप. लेक्चरला आम्हाला तरी तेवढंच कळलं.

---

ठाणेकर_बंड्या · सोमवार, रात्री १२.१०

मित्रा, फार खोलात जाऊ नकोस. मीही असाच 'अर्थ काय, अर्थ काय' करत बसलो आणि एक प्रयत्न वाया घालवला. नेट, गेट, जेस्ट, कुठल्याही परीक्षेत बघ, ठरलेले सात-आठ प्रकार फिरून फिरून येतात. दोन पातळ्यांची प्रणाली, हार्मोनिक ऑसिलेटर, आदर्श वायू, फर्मी ऊर्जा, बोस संघनन, एकमितीय आयझिंग. हे कोळून पी. समज मागून येते.

---

विरार_फास्ट · सोमवार, रात्री १२.१४

मित्रा नाही हो, मैत्रीण. लेडीज डबा लिहिलंय वर.

---

ठाणेकर_बंड्या · सोमवार, रात्री १२.१५

अरेच्चा. माफी, ताई. बाकी मत कायम.

---

निवृत्त_मास्तर · सोमवार, सकाळी ६.२०

विरार_फास्ट, प्रश्न वाचून बरं वाटलं. तीस वर्षं पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवला. मार्क मिळाल्यानंतरही हा प्रश्न विचारणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

झेड बाजूला ठेवा. 'एन्सेम्बल' हा शब्द आठवडाभर तोंडातून काढू नका. कोरा कागद घ्या आणि मोजा.

एक वस्तू कल्पा. तिच्यात तीन आंदोलक, म्हणजे जागच्या जागी कंप पावणारे कण. प्रत्येकाला ऊर्जेचे पूर्ण तुकडेच घेता येतात. शून्य, एक, दोन, असे. अगदी तशीच दुसरी वस्तू तिला चिकटून ठेवलेली. दोघींत मिळून सहा तुकडे.

पहिलीकडे एकही तुकडा नसेल तर तिची अवस्था एकच. एक तुकडा असेल तर तीन प्रकार, कारण तो तिघांपैकी कोणाकडेही असेल. दोन तुकडे असतील तर सहा प्रकार. तीन असतील तर दहा. पुढे पंधरा, एकवीस, अठ्ठावीस. सूत्र आहे, पण निदान दहापर्यंत हातानं लिहून काढा. वर्गात निम्मी मुलं दोन तुकड्यांना पाचच प्रकार काढायची. सहावा कुठे हरवला हे सापडलं की चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

आता दोन्ही वस्तू एकत्र मोजा. पहिलीकडे एक, दुसरीकडे पाच: ३ गुणिले २१, म्हणजे ६३ प्रकार. दोन आणि चार: ६ गुणिले १५, म्हणजे ९०. तीन-तीन: १०० प्रकार. सगळे वाटप मिळून ४६२.

आता गंमत बघा. एक-पाच अशी वाटणी असताना दुसरीनं एक तुकडा पहिलीला दिला. पहिलीचे प्रकार ३ चे ६ झाले, म्हणजे दुप्पट. दुसरीचे २१ वरून १५ वर आले. तिनं गमावलं, पण १.४ पटीनंच. एकूण ६३ चे ९० झाले. ऊर्जा तिकडे 'ओढली' कोणीच नाही. तिकडे प्रकार जास्त आहेत, एवढंच.

एक तुकडा मिळाल्यावर ज्या वस्तूचे प्रकार जास्त *पटीनं* वाढतात, ती थंड. ज्या वस्तूला त्याचं फारसं काही वाटत नाही, ती गरम. दोघींची पट सारखी झाली की देवाणघेवाण समसमान होते, आणि आपण म्हणतो तापमान सारखं झालं. पटींचा हिशोब बेरजेत आणायचा म्हणून लॉग घ्यायचा. त्या लॉगला एंट्रॉपी म्हणायचं. व्हिएन्नाच्या दफनभूमीत बोल्ट्झमनच्या समाधीवर 'एस = के लॉग डब्ल्यू' कोरलंय ते हेच. डब्ल्यू म्हणजे हे ६३ आणि ९०. (त्या रूपात ते सूत्र प्रथम प्लांकनं लिहिलं, बोल्ट्झमननं नाही. पण विचार त्याचाच.)

झेडकडे यायला अजून वेळ आहे. आधी हे करा.

---

कोकणी_कण · सोमवार, सकाळी ९.०५

मास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली.

पण मला अकरावीपासून 'एंट्रॉपी म्हणजे पसारा' असंच शिकवलंय. माझ्या खोलीवरून आई रोज दुसरा नियम (एंट्रॉपी वाढतच जाते, तो) सिद्ध करते.

---

गिरगावची_गार्गी · सोमवार, सकाळी १०.३०

@कोकणी_कण, आईंना नमस्कार, पण ती 'पसारा' व्याख्या मनातून काढून टाका. फार नुकसान करते ती. पाण्यात तेल ढवळून ठेवा. थोड्या वेळानं दोन्ही नीटनेटके वेगळे होतात, आणि तरीही एकूण एंट्रॉपी वाढलेली असते. डोळ्यांना पसारा दिसतो की व्यवस्था, ह्याच्याशी निसर्गाला कर्तव्य नाही. मास्तरांनी सांगितलं तेच: बाहेरून सारखं दिसणारं आतून किती प्रकारे असू शकतं.

मास्तर, मोजणी शंभर टक्के मान्य. पण एका गोष्टीवर माझा मतभेद नोंदवते. आजची मुलं थर्मोडायनॅमिक्स अर्धकच्चं ठेवून इथे येतात. मोजून जे हाती लागलं ते ओळखणार कसं? मी पीएचडीच्या मुलाखतीला झेडचं अख्खं गणित फळ्यावर लिहिलं. समोरच्या बाईंनी विचारलं, "आता याच्या लॉगला उणे केटीनं (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) गुणलंत. जे आलं त्याचं नाव?" मी म्हटलं, हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जा. "मुक्त म्हणजे कशापासून मुक्त?" दातखीळ.

तिथून घरी येऊन मी बीएस्सीचं थर्मो पुन्हा वाचलं, तीन आठवडे, लाज न बाळगता. ठरावीक तापमानाला वस्तू ऊर्जा कमी करायला बघते *आणि* प्रकार वाढवायला बघते. दोन्ही एकदम जमत नाही. त्या ओढाताणीचा जमाखर्च म्हणजे ती मुक्त ऊर्जा. बर्फ शून्य अंशालाच का वितळतो, आधी का नाही, याचं उत्तर त्या जमाखर्चात आहे. माझ्या मते झेड त्यानंतरच.

---

निवृत्त_मास्तर · सोमवार, सकाळी १०.५५

गार्गीताई, मतभेद मान्य. पण 'आधी थर्मो पक्कं करा' म्हटलं की मुलं मॅक्सवेल संबंध पाठ करतात आणि तिथेच जून उजाडतो. दोन्ही बरोबर चालू द्या.

---

चौथी_सीट · सोमवार, दुपारी १.१५

मंडळी, इतकं अवघड कशाला? सगळा विषय लोकलमध्ये आहे.

फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे कण): एका सीटवर एक. खालच्या जागा भरल्या की पुढचा उभा. शेवटचा माणूस जिथे उभा ती फर्मी ऊर्जा.
बोसॉन (प्रकाशाच्या कणांसारखे): दारातली मंडळी. आत डबा रिकामा असला तरी सगळे एकाच अवस्थेत लटकणार.
चौथी सीट: पाउलीच्या 'एका जागी एकच' या नियमाचा भंग, पण सगळ्यांच्या संमतीनं.

पदवी घरी पाठवा.

---

वसईचं_केळं · सोमवार, दुपारी १.३०

हाहाहा. चौथ्या सीटवरचा माणूस म्हणजे अर्धा बाउंड स्टेट, अर्धा फ्री पार्टिकल.

---

गिरगावची_गार्गी · सोमवार, दुपारी २.०५

हसले. पण बोसॉनच्या दाखल्यात एक फसगत आहे, ती सांगायलाच हवी. दारातली मंडळी वाऱ्यासाठी तिथे जातात. बोसॉनना एकत्र यायला असं काही कारण लागत नाही. फरक फक्त मोजणीचा आहे.

दोन कण, दोन खण. कण ओळखू येत असतील तर चार प्रकार, त्यांपैकी दोनांत दोघं एकाच खणात. म्हणजे निम्मी शक्यता. कण ओळखूच येत नसतील तर 'हा इकडे, तो तिकडे' आणि त्याच्या उलट हे दोन वेगळे प्रकार उरत नाहीत. तीनच प्रकार राहतात आणि त्यांपैकी दोनांत दोघं एकत्र. शक्यता दोन तृतीयांश झाली! कोणी कोणाला खेचलं नाही, तरी जवळीक वाढली. (फर्मिऑन असतील तर प्रकार एकच: एकेका खणात एकेक.)

१९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना जो लेख पाठवला, त्यात प्रकाशाच्या कणांसाठी हीच मोजणी होती. आइन्स्टाइननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून छापायला दिला. एका खणात गर्दी व्हायचं जे भाकीत त्यातून पुढे निघालं, ते रुबिडियमच्या अणूंच्या विरळ वायूत प्रत्यक्ष बघायला १९९५ उजाडलं. आणि आपल्याकडे ही सांख्यिकी परीक्षेत 'टिपा लिहा'मध्ये येते, चार मार्कांना.

---

शब्दवेडा · सोमवार, दुपारी ४.४०

जरा अवांतर. 'यामिकी' हा शब्द मला लहानपणी रात्रीशी संबंधित वाटायचा. यामिनी, यामिक वगैरे. यामिक म्हणजे पहारेकरी. सांख्यिकीय यामिकी म्हणजे रात्रभर मोजत बसणारा पहारेकरी, अशी माझी समजूत होती. मास्तरांचा प्रतिसाद वाचून वाटलं, फार चुकीची नव्हती.

मायक्रोस्टेटला 'सूक्ष्मावस्था' चांगला शब्द आहे. पार्टिशन फंक्शनला मात्र 'विभाजन फलन' म्हटलं की जमिनीची वाटणी डोळ्यांपुढे येते.

---

वसईचं_केळं · सोमवार, दुपारी ४.५५

वाटणीचाच विषय आहे की! ऊर्जेची. सात-बारा काढा.

---

ठाणेकर_बंड्या · सोमवार, रात्री ९.२०

मोजा मोजा म्हणणाऱ्यांना एक विचारतो. सहा तुकडे हातानं मोजले, छान. एक मोल वायूचे कण कोण मोजणार? ६ आणि पुढे २३ शून्यं. तिथे मोठ्या फॅक्टोरियलचा अंदाज देणारं स्टर्लिंगचं सूत्र लागतंच ना? मग शेवटी तंत्रच आलं.

---

निवृत्त_मास्तर · सोमवार, रात्री ९.५०

बंडोपंत, स्टर्लिंगही मोजूनच शिकावा. १० फॅक्टोरियलचा नैसर्गिक लॉग १५.१० आहे, स्टर्लिंगचं छोटं सूत्र १३.०३ देतं. चांगलीच चूक. १०० ला खरा आकडा ३६३.७ आणि सूत्राचा ३६०.५. चूक एका टक्क्याच्याही आत. मोलपर्यंत पोचाल तेव्हा चूक शोधायला भिंग पुरणार नाही. संख्या मोठी झाली की विषय *सोपा* होतो, हे ज्याला उमगलं त्याची भीती गेली.

---

भाडेकरू_नं_४०२ · सोमवार, रात्री ११.३०

झेडचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही, म्हणून मी घेतो. मी केमिकल इंजिनिअर, त्यामुळे सभ्य भाषेत चुका काढा.

मुंबईत घर शोधताय. ऊर्जा म्हणजे भाडं. केटी म्हणजे पगार. पगाराच्या तुलनेत भाडं जितकं जास्त, तितकी ती खोली तुमच्या हिशोबात कमी वजनाची. पगाराएवढं जास्त भाडं झालं की वजन साधारण ०.३७, दुप्पट झालं की ०.१४, असं घातांकानं घसरत जातं. शून्यावर कधीच येत नाही, मलबार हिलचा फ्लॅटही यादीत असतो, नावापुरता. ही सगळी वजनं बेरीज करा. आलेला आकडा म्हणजे झेड. ह्या पगारात तुम्हाला साधारण किती खोल्या खुल्या आहेत.

दोन पातळ्यांची प्रणाली घ्या. तापमान अगदी कमी असेल तर झेड १, कारण वरची खोली परवडतच नाही. तापमान खूप असेल तर झेड २, भाड्याचा फरकच जाणवत नाही. मधल्या तापमानाला १ आणि २ च्या मध्ये. 'दीड खोली' म्हणजे काय हे कळलं की झेड कळला.

---

गिरगावची_गार्गी · मंगळवार, सकाळी ८.१५

@भाडेकरू, झकास. एकच पुरवणी: एका भाड्याच्या किती खोल्या आहेत तेही मोजा. दूरवर एका भाड्यात शेकडो खोल्या असतील तर वजन कमी असूनही गर्दी तिथेच होणार.

आकड्यांत सांगायचं तर खोलीच्या तापमानाला केटी म्हणजे एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा साधारण चाळिसावा भाग. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनला वरच्या मजल्यावर जायला १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. इथे त्याला ते जन्मात परवडायचं नाही. सूर्याच्या पृष्ठभागावर केटी अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. तिथेही वजन अब्जात सव्वा भरतं. पण वरच्या मजल्यावर खालच्यापेक्षा चौपट खोल्या आहेत, म्हणून अब्जात पाचेक अणू वर सापडतात. सूर्यात अणूंची टंचाई नसल्यानं तेवढे वर्णपटात रेघ उठवायला पुरतात. मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचं जे समीकरण मांडलं ते ह्याच जातीच्या हिशोबाचं. ताऱ्यांचे वर्णपट वाचायची किल्ली ती.

---

बीकेसीचा_हिरा · मंगळवार, सकाळी ११.००

भौतिकशास्त्र सोडून बारा वर्षं झाली, बीकेसीच्या हिरे बाजारात नोकरी करतो, पण हे वाचून राहवलं नाही.

ड्यूलाँ आणि पती यांनी १८१९ मध्ये सांगितलं की घन मूलद्रव्यांची मोलर उष्माधारकता (एक मोल एक अंशानं तापवायला लागणारी उष्णता) साधारण सारखीच, आजच्या एककांत २५ ज्यूलच्या आसपास. तांबं, शिसं, चांदी, सगळे गुणी बाळासारखे ऐकतात. हिरा ऐकत नाही. खोलीच्या तापमानाला तो जेमतेम ६ देतो. का? कार्बनचे अणू हलके आणि बंध ताठ, त्यामुळे कंपनाचा एक तुकडाच केटीच्या चौपटीहून मोठा. भाडेकरूंच्या भाषेत, पहिल्याच खोलीचं डिपॉझिट परवडत नाही. तुकडे अर्धे करून घ्यायची सोय नाही, म्हणून बहुतेक आंदोलक रिकाम्या हातानं बसून राहतात. आइन्स्टाइननी १९०७ मध्ये हे दाखवलं, तेही हिऱ्याचीच मापं घेऊन.

कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. कळलं इथे आल्यावर, एकदा खडे हाताळताना. 'हा गरम व्हायला इतका कमी का घेतो' असं सहज मनात आलं. परीक्षेला दहा वर्षं उशीर झाला.

---

कोकणी_कण · मंगळवार, सकाळी ११.२०

@बीकेसीचा_हिरा, एखादा खडा पाठवा, मीही उष्माधारकता मोजून बघतो.

---

ट्रेकवेडी_तनू · मंगळवार, दुपारी १२.४५

झेडला घाबरणाऱ्यांसाठी माझं आवडतं उदाहरण म्हणजे कळसूबाई. उंची १६४६ मीटर. हवेच्या रेणूला वर चढायला ऊर्जा लागते, केटी मर्यादित, म्हणून वर रेणू विरळ. तापमान सगळीकडे सारखं धरलं तर दर साधारण ८.४ किलोमीटरला हवा ०.३७ पट होते. त्या हिशोबानं शिखरावर हवेचा दाब दादर चौपाटीपेक्षा १८ टक्के कमी. फोनमधल्या बॅरोमीटरनं शिडीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर मापं घेतली, आकडा जवळपास जुळला. दम लागण्याचं शास्त्रीय कारणही मिळालं. (ग्रुपमधले म्हणाले, वडापाव हे खरं कारण.)

हाच खेळ जाँ पेराँनं पाण्यात केला होता, १९०८ च्या सुमारास. डिंकासारख्या राळेचे बारीक कण पाण्यात सोडून, कोणत्या उंचीवर किती कण हे सूक्ष्मदर्शकातून *मोजत* बसला. त्यावरून ॲव्होगाड्रो अंक, म्हणजे एका मोलातल्या कणांची संख्या, काढला. अणू खरेच असतात का या भांडणाचा निकाल लागला. बोल्ट्झमन हे बघायला नव्हता. १९०६ मध्ये त्यानं आयुष्य संपवलं होतं.

---

वाळूचा_ढीग · मंगळवार, दुपारी ३.३०

एवढा मुंबईचा विषय चाललाय आणि कुलाब्याचं नाव नाही? नेव्ही नगरच्या टोकाला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे. तिथे कितीतरी वर्षं काम केलेले दीपक धर यांना २०२२ चं बोल्ट्झमन पदक मिळालं. सांख्यिकीय भौतिकीतला हा सर्वोच्च मान, आणि तो मिळालेले ते पहिले भारतीय. त्यांचं एक गाजलेलं काम वाळूच्या ढिगाच्या प्रतिमानावर आहे. चौकटीत चार कण झाले की ती कोसळते, चारी शेजाऱ्यांना एकेक कण देते. मग शेजारी कोसळतात. कोणती चौकट आधी कोसळली याचा अंतिम ढिगावर काहीही परिणाम होत नाही, ह्या गुणावर त्यांनी सगळी इमारत बांधली. चौकटीच्या वहीवर पेन्सिलनं करून बघा, खरंच मजा येते.

त्यांच्याबरोबर पदक मिळालेले जॉन हॉपफिल्ड. दोन वर्षांनी त्यांना भौतिकीचं नोबेल मिळालं, न्यूरल नेटवर्कच्या कामासाठी. बंड्याभाऊ, नोकरीची काळजी असेल तर हेही लक्षात घ्या, सगळं एआय ह्या विषयाचं भाचरू आहे.

---

ठाणेकर_बंड्या · मंगळवार, दुपारी ३.५०

भाचरू तरी पगार देतंय. मामाचं काय?

---

चौथी_सीट · मंगळवार, दुपारी ३.५२

मामाचा केटीच कमी.

---

संपादक_मंडळ · मंगळवार, संध्याकाळी ६.००

धाग्याचा गप्पांचा फड होऊ देऊ नये ही विनंती. वडापाव विरुद्ध मिसळ ही उपचर्चा (अकरा प्रतिसाद) हलवली आहे.

---

विरार_फास्ट · पुढचा रविवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा येतेय, कारण मास्तरांचा गृहपाठ करत होते.

पहिली कबुली: दोन तुकड्यांना मलाही पाचच प्रकार आले. सहावा नायगावला सापडला.

मग ४६२ ची पूर्ण यादी केली. सहाच्या सहा तुकडे एकाच ठरलेल्या बाजूला असायचे प्रकार २८. म्हणजे साधारण सोळा-सतरा वेळांत एकदा. मला ते पटेना, इतकं सहज सगळी उष्णता एकीकडे जाते? मग पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या. दोन्हीकडे पन्नास-पन्नास आंदोलक, मिळून शंभर तुकडे. आता सगळे तुकडे त्याच बाजूला असायची शक्यता आली सुमारे (सात अब्ज गुणिले एक अब्ज) वेळांत एकदा. सेकंदाला एकदा डोकावून बघितलं तरी विश्वाच्या वयाच्या पंधरापट वेळ बसावं लागेल. आणि हे फक्त शंभर तुकडे! वाफाळता चहा आपण होऊन आणखी का तापत नाही, ते मला एमएस्सीला आल्यावर एका रविवारी कळलं. त्याला 'नियम' म्हणायचो, तो नुसता आकडा निघाला. मी पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले होते. आईला वाटलं, फोनवर काहीतरी वाईट बातमी आली.

भाडेकरूकाका, 'दीड खोली'साठी खास आभार. एक वस्तू छोटी ठेवून दुसरी मोठी मोठी करत नेली. छोटीतल्या तुकड्यांची शक्यता आपोआप घातांकी होत गेली, वजनाचं सूत्र कुठूनही टाकावं लागलं नाही! ते वरून दिलेलं नव्हतं, मोठीच्या मोजणीतून येत होतं. हे पुस्तकात दोन ओळींत लिहिलेलं आहे. मी ते तीनदा वाचलेलं आहे, खाली पेन्सिलची रेघसुद्धा आहे.

गार्गीताई, बर्फाचा जमाखर्च अजून बाकी आहे. थर्मोची वही माळ्यावरून काढलीये.

आता नवा किडा. हे सगळं 'प्रत्येक प्रकार सारखाच संभाव्य' ह्यावर उभं आहे. ते का मानायचं?

---

निवृत्त_मास्तर · पुढचा रविवार, रात्री १०.४०

शाब्बास. तो प्रश्न तुम्ही विचारावा म्हणूनच मी तो लिहिला नव्हता. प्रामाणिक उत्तर असं की तो पाया गृहीत धरलेला आहे. त्यावरून निघालेलं सगळं प्रयोगाशी जुळतं म्हणून तो टिकला. प्रणाली कालांतरानं सगळ्या अवस्थांतून फिरते असा युक्तिवाद बोल्ट्झमनपासून चालत आलाय, पण तुम्हीच आत्ता पंधरा विश्वांचा हिशोब मांडलात. एवढ्या अवस्था फिरायला वेळ कोणाकडे आहे? त्यावर आजही लोक भांडतात. नवा धागा काढा, मी येतो.

---

ठाणेकर_बंड्या · पुढचा रविवार, रात्री ११.०५

ताई, ते दहा ओळींचं पायथन इथे टाकाल का? परीक्षेसाठी नाही. असंच.

---

विरार_फास्ट · पुढचा रविवार, रात्री ११.०८

टाकते उद्या. व्हेरिएबलची नावं आधी सभ्य करू दे.

आणि ती बारावीतली मुलगी पुन्हा भेटलीच नाही. आठवडाभर तीच गाडी, तोच डबा धरला. आता उत्तर आहे तर विचारणारी नाही.

---

चौथी_सीट · पुढचा रविवार, रात्री ११.१२

पॉइन्कारे म्हणून गेलाय, बंदिस्त प्रणाली पुरेसा वेळ दिला की जवळपास पहिल्याच स्थितीला परत येते. धीर धरा.

---

वसईचं_केळं · पुढचा रविवार, रात्री ११.१३

विरार लोकल आणि बंदिस्त? दर स्टेशनला कण बदलतात हो. ग्रँड कॅनॉनिकल आहे ती.